कोवळ्या कातडीचा वास

शाल्मलीला चावलं ते घरचंच कुत्रं होतं. म्हणजे तिच्या आत्याचं. वाईला ज्योत्स्नाताईंच्या घरी सगळे जेवायला बसले होते. सहा वर्षांची शाल्मली अर्ध्या ताटावरून उठून अंगणात गेली आणि झोपलेल्या रॉकीच्या गळ्यात पडली. असं ती आधी कितीदा तरी पडली होती. त्या दिवशी रॉकीचं काय बिनसलं ते कुणालाच कळलं नाही. फारसा आवाजही झाला नाही. एक गुरगुर ऐकू आली आणि मग शाल्मली दारात येऊन उभी राहिली.

तिचा उजवा गाल ओठाच्या कोपऱ्यापासून वर डोळ्याखालपर्यंत फाटला होता. आतले दात दिसत होते. ती रडत नव्हती.

"आई, माझं तोंड ओलं झालंय," ती कशीबशी म्हणाली.

सानिकाला पुढचं सलग आठवत नाही. ज्योत्स्नाताई किंचाळत होत्या, निनाद मुलीला उचलून गाडीकडे पळत होता आणि तिच्या स्वतःच्या हाताला अजून वरणभात लागलेला होता. वाईच्या दवाखान्यात जखम साबणाच्या पाण्याने बराच वेळ धुतली, रेबीजची इंजेक्शनं जखमेच्या कडेने दिली आणि त्यांना कराडला पाठवलं. ते तिघं राहायला कराडलाच होते. तिथल्या मोठ्या रुग्णालयात डॉ. तस्नीम मुजावर लहान मुलांच्या चेहऱ्यावरच्या शस्त्रक्रिया करत. त्यांनी गाल आतून बाहेरून शिवला आणि मग दोघा आईबापांना समोर बसवलं.

"मुलांना चेहऱ्यावरच चावतात," त्या म्हणाल्या. "त्यांचा चेहरा कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर असतो आणि मुलं मिठी मारायला जातात. बहुतेक वेळा कुत्रं ओळखीचंच असतं. तेव्हा आता कुणाला दोष देत बसू नका. पुढचं बोलू."

पुढचं म्हणजे व्रण. जखम झाली की शरीराला घाई असते. कातडीतल्या पेशी मिळेल त्या धाग्याने भराभर ठिगळ लावतात. ते ठिगळ म्हणजे व्रण. ते ताठ असतं आणि ताणलं जात नाही. मोठ्या माणसाचं त्यामुळे काही अडत नाही, पण मुलाचा चेहरा वाढत असतो आणि व्रण वाढत नाही. मग तो ओठ ओढून धरतो, डोळ्याची खालची पापणी खेचतो. दर दोन-तीन वर्षांनी नवी शस्त्रक्रिया करावी लागते.

"पण पोटातल्या बाळाला जखम झाली तर व्रण राहत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "त्याच्या पेशींना घाई नसते. त्या ठिगळ लावत नाहीत, पहिल्यासारखी कातडी पुन्हा विणतात. जन्माच्या आधीच ही कला त्या विसरतात. आता तिची त्यांना पुन्हा आठवण करून देता येते. आम्ही शिवलेल्या जखमेच्या फटीत एक लेप भरतो. त्यातला संदेश पेशींपर्यंत पोचला की त्या पुन्हा पोटातल्या बाळासारख्या वागायला लागतात."

"किती दिवस?" निनादने विचारलं.

"चेहऱ्याची वाढ पूर्ण होईपर्यंत. तेरा-चौदा वर्षांची होईपर्यंत धरा. तोवर ती कातडी तिच्याबरोबर वाढत राहील."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलंही नाही. हो म्हणाले.

सानिकाचं शनिवार पेठेत चष्म्याचं दुकान होतं. दिवसभर ती लोकांच्या चेहऱ्यांकडेच बघायची. कुणाचा एक कान वर, कुणाचं नाक जरा डावीकडे. फ्रेम बसवताना हे बघावंच लागतं. महिन्याभराने शाल्मलीची पट्टी निघाली, तेव्हा तिने त्याच नजरेने मुलीचा चेहरा तपासला. डावा गाल, उजवा गाल. ओठांचे कोपरे एका रेषेत. कुठे खूण नाही. उजवा गाल थोडा जास्तच मऊ होता, एवढंच. ती दुकानात परत आली आणि शटर अर्धं ओढून पोटभर रडली.

चेहरा बरा झाला, पण भीती गेली नाही. लांब कुठे कुत्रं भुंकलं तरी शाल्मली जागच्या जागी चड्डी ओली करायची. ज्योत्स्नाताईंचे फोन यायचे, सानिका घ्यायची नाही. ताईंनी रॉकीला एका शेतावर देऊन टाकल्याचं निनादने सांगितलं, तरी तिने मान वर केली नाही. निनाद पाटणच्या पठारावर पवनचक्क्यांच्या देखभालीला होता, आठवड्यातून दोनदा घरी यायचा. घरी आला की त्यालाही बहिणीचं नाव काढायची चोरी होती.

आणि मग एका सकाळी सानिका दूध घ्यायला बाहेर आली, तर फाटकाबाहेर बरीच कुत्री बसली होती.

पेठेतली सगळीच असावीत. भुंकत नव्हती, भांडत नव्हती. रांगेने बसून घराकडे बघत होती. एकदोघांच्या तोंडातून लाळ गळत होती. सानिकाने बादलीभर पाणी फेकलं. ती उठून थोडी मागे सरकली आणि पुन्हा बसली.

शाळेत जायला शाल्मली दारात आली आणि सगळी एकदम उभी राहिली.

त्या दिवशी ती शाळेत गेली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी सानिकाने तिला चादरीत गुंडाळून रिक्षात घातलं. कुत्री रिक्षामागे धावली, शाळेच्या फाटकापर्यंत. शाल्मली चादरीच्या आत इतकी किंचाळत होती, की रिक्षावाल्याने पुन्हा यायला नकार दिला. शेजारी बोलायला लागले. कुणी म्हणालं, घरात मटण शिजवता का रोज. कुणी म्हणालं, मुलीला लागलेलं कुत्र्यांना कळतं, ती पुन्हा चावणार. पालिकेची गाडी येऊन काही कुत्री घेऊन गेली. त्यांच्या जागी पलीकडच्या गल्लीतली आली.

निनाद म्हणाला, "दोन्ही खिडक्यांना जाळी मारतो. थोडे दिवस काढ."

त्या थोड्या दिवसांतच ते घडलं. सानिका स्वयंपाकघरात होती. बाहेर फारच शांत वाटलं म्हणून तिने खिडकीतून पाहिलं. शाल्मली फाटकाला चेहरा लावून उभी होती. बाहेरच्या बाजूला एक भुरकट रंगाची कुत्री मागच्या पायांवर उभी राहून, पुढचे पाय गजांवर टेकवून तिचा उजवा गाल चाटत होती. कुत्री गाभण होती, पोट खाली लोंबत होतं. शाल्मलीचे डोळे मिटलेले होते.

सानिकाला हाक मारता येईना, हलता येईना. ती जीभ त्या गालावरून खालून वर, खालून वर फिरत होती, अगदी सावकाश.

ती धावत बाहेर आली तेव्हा कुत्री निघून गेली होती. शाल्मलीने डोळे उघडले.

"मी घाबरले नाही," ती म्हणाली. तिलाच त्याचं नवल वाटत होतं. "आई, तिला चावायचं नव्हतं."

त्याच दुपारी सानिका मुजावर डॉक्टरांसमोर बसली. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांचा चेहरा ओढलेला होता, जणू हे त्या पहिल्यांदा ऐकत नव्हत्या.

"सानिका, एक विचारते. तू तिच्या उजव्या गालाचा मुका जास्त घेतेस का?"

"झोपताना मी तिच्या त्याच बाजूला असते. नाक लावून. का?"

"कशासारखा वास येतो?"

तिला विचार करावा लागला नाही. "नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या टाळूसारखा."

डॉक्टरांनी मान हलवली. जन्मणाऱ्या बाळाच्या अंगावर एक चिकट पांढरा थर असतो. तो आणि गर्भातलं पाणी यांचा वास सस्तन प्राण्यांच्या माद्यांना सांगतो, की हे पिल्लू आहे, हे आपलं आहे, याला चाटून कोरडं कर, ऊब दे. गाय वासराला, शेळी करडाला त्याच वासावर धरते. शाल्मलीच्या गालातल्या पेशी स्वतःला पोटातल्या समजत होत्या, म्हणून तो थरही अगदी बारीक प्रमाणात बनवत होत्या. माणसाला त्याचा वास जवळ गेल्यावरच जाणवतो. कुत्र्याला दोन गल्ल्यांवरून.

"म्हणून कुत्री येतात. नर नुसते कुतूहलाने. गाभण आणि व्यालेल्या माद्यांचं मात्र वेगळं आहे. आम्ही लेपाची सगळी तपासणी केली. विष आहे का, गाठ होईल का, ताप येईल का. वासाचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. मागच्या आठवड्यात दुसऱ्या शहरात दीड वर्षाचं एक मूल अंगणातून नाहीसं झालं. त्याच्या हनुवटीला हाच लेप होता. व्यालेल्या कुत्रीने त्याला उचलून रस्त्यापलीकडे तिच्या पिल्लांत नेऊन ठेवलं होतं. दाताची एक खूण नव्हती अंगावर. पण ती त्याला ट्रकांच्या मधून घेऊन गेली होती."

"मग काय करायचं?"

"लेपाचा परिणाम थांबवणारं औषध आहे. पेशी पुन्हा वयात येतात आणि वास जातो. पण त्या वयात आल्या, की त्यांची घाईही परत येते. कातडी आवळेल. जिथे जखम होती तिथे व्रण उमटेल. आणि एकदा दिलं की मागे फिरता येत नाही."

त्या रात्रीच्या जेवणाला निनाद घरी होता. सानिकाने सांगितलं तेव्हा त्याने ताट बाजूला सरकवलं.

"आठ वर्षं काढायची फक्त. लोक काय काय सोसतात. आपण जागा बदलू. माझ्याकडे वर पठारावर राहा दोघी."

"तिथे धनगरांची कुत्री आहेत."

"मग तिच्याबरोबर माणूस ठेवू. मुलीचा चेहरा आहे गं तो. आपण ठरवायचं आणि तिने जन्मभर आरशात बघायचं."

सानिकाने वाद घातला नाही. खरं म्हणजे तिलाही तेच हवं होतं. तो गाल हवा होता. ठरवायचं पुढे ढकलण्यावर दोघांचं एकमत झालं.

शाल्मली मात्र बदलली. ती आता स्वतःहून फाटकाशी जायची. भुरकट कुत्रीला तिने भुरी नाव ठेवलं. चेहऱ्याला दुपट्टा बांधून ती शाळेत जायला लागली, पेठेतली कुत्री थोडं अंतर ठेवून मागून चालायची. वर्गातल्या मुलांना याचं भारी कौतुक वाटे. अपघातानंतर पहिल्यांदाच ती हसताना दिसायची आणि हसताना दोन्ही गाल सारखे वर जायचे. मग भुरी यायची बंद झाली. ती व्याली असणार, हे सानिकाच्या लक्षात यायला हवं होतं. ती दुकानात होती. गिऱ्हाईक होतं.

शाळा सुटल्यावर शाल्मली शाळेच्या फाटकाशी आली नाही.

बाईंनी सांगितलं, इतक्यात होती. शाळेमागच्या मैदानात नव्या गटारासाठी आणलेले सिमेंटचे मोठे पाइप पडले होते. तिकडे गर्दी जमलेली पाहून सानिका पळाली. लोकांच्या हातात काठ्या होत्या, विटा होत्या. एका पाइपच्या तोंडाशी शाल्मलीचा दुपट्टा पडला होता.

सानिका गुडघ्यांवर बसली आणि तिने आत पाहिलं.

शाल्मली कुशीवर पाय पोटाशी घेऊन पडली होती. तिच्या पोटाशी पिल्लं होती, अजून डोळे न उघडलेली. त्या सगळ्यांच्या भोवती भुरी आडवी पसरली होती आणि गाल चाटत होती.

"आई, हळू बोल," शाल्मली कुजबुजली. "आत्ताच झोपलीत."

"बाळा, बाहेर ये."

"मला भुरीनेच आणलं. बाहीला धरून."

"हो. आता ये."

शाल्मली कोपरावर उठली आणि सरपटत पुढे आली. भुरीने मान वर केली. मग तिने जबडा उघडला, शाल्मलीचा गाल आणि जबड्याखालचा भाग तोंडात धरला आणि तिला मागे ओढलं.

सानिकाला दात दिसले. त्या गालावर टेकलेले, कातडी दाबणारे. रक्त नव्हतं. शाल्मली पिल्लासारखी सैल पडली होती, ओठ वेडावाकडा ताणलेला, आणि ती आईकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत भीती नव्हती. सानिकाच्या अंगावर काटा आला तो त्यामुळे. त्या घडीला आपली मुलगी कुणाची आहे हे तिला सांगता आलं नसतं.

तिने डावा हात थेट कुत्रीच्या तोंडाशी घातला. भुरीने शाल्मलीला सोडलं आणि हात धरला. हाडावर दात घासल्याचं तिला जाणवलं. दुसऱ्या हाताने तिने मुलीच्या दप्तराचा पट्टा पकडला आणि मागे खेचत राहिली, कुणीतरी तिच्या कमरेला धरून तिला बाहेर ओढेपर्यंत.

"तिला मारू नका," शाल्मली ओरडत होती. "आई, त्यांना सांग ना. तिला मारू नका."

"मारू नका," सानिका म्हणाली. तिच्या हाताची बाही लाल होऊन गळत होती. "ती पिल्लांपाशी आहे. कुणी हात लावू नका."

लोक थांबले. पालिकेच्या माणसांनी भुरीला पिल्लांसकट उचलून देखरेखीखाली ठेवलं.

मुजावर डॉक्टरांनी सानिकाचा हात धुतला. लेपाची बाटली टेबलावरच होती. "साधे टाके घाला," सानिका म्हणाली. निनाद पठारावरून थेट तिथेच आला होता, अंगात अजून कामाचे कपडे होते.

"गाल ठीक आहे ना तिचा?" त्याने पहिल्यांदा हे विचारलं आणि मग त्यालाच लाज वाटली. "तुझा हात."

"तो गाल कुत्रीच्या तोंडात होता, निनाद. मी पाहिलाय."

"चावली नाही ना पण."

"चावली असती तर बरं झालं असतं. शालू ओरडली असती. ती ओरडली नाही. उद्या कुत्रीने तिला रस्त्यापलीकडे नेलं तरी ती जाईल. हसत जाईल."

निनाद भिंतीला टेकून उभा राहिला. मग म्हणाला, "तू सांग डॉक्टरांना. माझ्या तोंडून नाही निघायचं."

औषध देण्यापूर्वी डॉक्टरांनी शाल्मलीला सगळं नीट समजावलं. गालावर एक रेघ येईल, ओठ थोडा वर ओढला जाईल, मोठी होताना काही वेळा ऑपरेशन लागेल. शाल्मलीला त्याचं फारसं काही वाटलं नाही. तिने एकच विचारलं, आणि ते डॉक्टरांना नाही, आईला.

"मग भुरीला मी कळेन का?"

"कळशील," सानिका म्हणाली.

सुई गालात शिरली तेव्हा शाल्मलीने हूं की चूं केलं नाही.

व्रण हळूहळू वर आला, पाण्यातून काहीतरी वर यावं तसा. आधी गुलाबी सावली, मग दोरी. ओठाचा कोपरा उचलला गेला. निनाद घरी आला की मुलीच्या डाव्या बाजूला बसायला लागला. आपण असं करतो हे त्याला ठाऊक नव्हतं. फाटकाबाहेरची कुत्री एकेक करून पांगली. एका रविवारी ज्योत्स्नाताईंचा फोन आला आणि सानिकाने घेतला.

देखरेखीची मुदत संपली, कुत्री निरोगी निघाली आणि नियमाप्रमाणे तिला आणि पिल्लांना मूळ जागी आणून सोडलं. शाळेत ही बातमी लगेच पोचली. शाळा सुटल्यावर शाल्मलीने आईचा हात ओढला. सानिकाला नाही म्हणता आलं नाही.

पिल्लं आता दुडकत होती. भुरी पाइपच्या सावलीत पडली होती. शाल्मली पुढे झाली, गुडघे वाकवून बसली आणि तिने उजवा गाल पुढे केला, फाटकाशी करायची तसाच.

भुरीने नाक वर केलं. हवा हुंगली, पुन्हा हुंगली. मग ती उठली. तिच्या मानेवरचे केस ताठ झाले. ती शाल्मली आणि पिल्लं यांच्या मध्ये येऊन उभी राहिली आणि तिने दात दाखवले. शाल्मली तरी हलेना. भुरी भुंकली. इतक्या जवळून, की शाल्मली मागे हातांवर पडली. सानिकाने तिला दंडाला धरून उभं केलं आणि मैदानाबाहेर आणलं.

शाल्मलीचे ओठ थरथरत होते, एक कोपरा जास्त.

"तू म्हणाली होतीस कळेन."

सानिकाकडे सांगण्यासारख्या गोष्टी होत्या. भुरी आता घाबरलेली आहे, तिला पिल्लं सांभाळायची आहेत, थोड्या दिवसांनी बघू. तिने त्यातली एकही सांगितली नाही.

"हो, म्हणाले होते," ती म्हणाली. "मला माहीत होतं, ती ओळखणार नाही. तरी म्हणाले."

शाल्मलीने तिच्याकडे पाहिलं. वाईला दारात उभी असतानाही ती अशी दिसली नव्हती. मग तिने हात सोडवून घेतला आणि चालायला लागली. रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने, एकटी. कोपऱ्यावर एक कुत्रं झोपलेलं होतं. ती दचकून थांबली, भिंतीला खेटून त्याच्यापासून लांबून गेली, पण मागे वळून आईकडे आली नाही. सानिका तिच्या चालीने, रस्त्याच्या अलीकडून चालत राहिली.

घराशी शाल्मली आधी पोचली. फाटकाच्या कडीला तिचा हात पुरत नव्हता. टाचा उंचावून तिने पाहिलं, नाही जमलं. मग रस्त्याकडे पाठ करून उभी राहिली आणि आई येऊन कडी काढेपर्यंत थांबली.